खोका क्रमांक सतरा

सुभेदार बाळगोंडा खोत शेडात आले
तेव्हा लेथ मशीन चालू होतं, म्हणून
यादी त्यांनी ओरडून वाचली.
बेचाळीस नग, सतरा खोके.
हवामानाचं ठाणं. ठिकाण कुठलं विचारलं
तर भिंतीवरच्या नकाशावर अंगठा ठेवला.
अंगठ्याखाली चार खिंडी मावल्या.

उद्यमनगरातलं हे शेड वडिलांच्या मागं मी चालवते.
चरकाचे रोल केलेत, पंपांची केसिंगं,
वाऱ्याचा वेग मोजायचा खांब कधी नाही.
खोत म्हणाले, नसीम, खांब सोपा हाय.
अवघड हाय ते खेचर.

खेचराला दोन कुशी.
डावीकडं जेवढं, उजवीकडं तेवढंच.
एक खोका जड झाला
की दुसऱ्यात धोंडे भरावे लागतात,
आणि धोंडे वर न्यायला
तिथं काय धोंड्यांचा दुष्काळ पडलाय?
म्हणून सहा मीटरचा खांब
मी चार तुकड्यांत कापला.

नट सगळे एकाच मापाचे.
पाना एक खांबालाच साखळीनं बांधलेला,
दुसरा खोका चारमध्ये, तिसरा अकरामध्ये.
"हरवला तर कुठल्या दुकानात जायचं?
ऑक्टोबरात वाट बंद, जूनला उघडणार."
शाई नको, गोठते. पेन्सिली.
बॅटऱ्या लागतील तेवढ्या, आणि पुन्हा तेवढ्याच,
निम्म्या थंडीच खाते.

एप्रिलात, शहर चाळीस अंशांत भाजत असताना
आम्ही दूध संघाच्या शीतगृहात शिरलो,
उणे वीस.
खोत, मी आणि आमचा फिटर राजेखान,
लोण्याच्या खोक्यांमध्ये
जाड हातमोजे घालून खांब उभा करायला.
पहिला नट सात मिनिटं.
दुसरा हातातून निसटला, तो अजून तिथंच असेल.
राजेखान बाहेर येऊन दोन कप चहा प्यायला,
बोलला काही नाही,
आणि रात्रीत सगळ्या नटांना
पंख वेल्ड करून मोकळा झाला.

उरला सतरावा खोका.
त्यात पाच किलोची जागा शिल्लक.
मी म्हटलं, गूळ भरू की सुभेदार, आपल्याकडचा.
ते हसले नाहीत.
म्हणाले, एक स्टूल कर.

मग लेथ बंद करायला लावलं.
"पेटी बसवणारा सहा फुटी. मी पाच फूट दोन.
थर्मामीटर डोळ्यासमोर यायला पायजे,
खालनं बघितलं की आकडा अर्धा अंश उतरतो.
अख्खा हिवाळा मी टाचा उचलून वाचला.
रात्री अडीचला, बूट बर्फात.
टाचा काय रोज सारख्या उचलल्या जातात?"

त्या आकड्यांवर कोण उडालं,
कोण खालीच थांबलं,
मी विचारलं नाही.
राजाराम बंधाऱ्याची फुटं ऐकत वाढलेली माणसं आम्ही;
एकोणचाळीसला सामान माळ्यावर,
त्रेचाळीसला आपण दुसऱ्याच्या दारात.
इंचाची किंमत मला कुणी शिकवायला नको.

स्टूल केलं.
नऊ इंच उंच, घडीचं,
वर खरबरीत पत्रा, पायांना खिळे.
खोत त्यावर चढले, बिनकामाचे,
हात मागं बांधून समोरच्या भिंतीकडं
बराच वेळ बघत राहिले.
तिथं आमचं जुनं कॅलेंडर होतं फक्त.
खाली उतरून पेन्सिलीनं त्यांनी यादीत लिहिलं:
नग त्रेचाळीस.

शिरोली नाक्यावरून ट्रक पहाटे गेला.
स्टूल भरलं चार किलो सहाशे.
उरलेल्या चारशे ग्रॅमचं काय केलं
ते यादीत नाही.