पातळी

मुलाचा फोन आला : या वर्षी नको,
सुनेचे आईबाबा येतायत.
व्हिसा तर लागून बसलेला.
हे हळद दळून आणायला गेले
ते नाक्सोसची तिकिटं घेऊनच आले.
"कुठंय हे?"
"समुद्रात."
मगदूम वहिनींकडे किल्ली दिली,
जास्वंदीचं बजावलं, निघालो.

तिथं सूर्य साडेआठला मावळायचा.
जन्मभर दिवेलागणीआधी ताटं उचलली आम्ही,
तिथं आठ वाजता, लख्ख उन्हात
पाव, टोमॅटो, वर आपलं भडंग.
नियम जिथल्या तिथं!

पण यांचा जीव धक्क्यावर.
चौतीस वर्षं आयर्विन पुलाशी
कृष्णेची पातळी वाचलेला माणूस,
दगडांवर फुटांचे आकडे शोधत हिंडायचा.
एका कोळ्याला खुणेनं विचारलं, किती चढतं?
त्यानं वीत दाखवली.
वीतभर!
हे इतके हसले की ठसका लागला.

मग पाण्यात पाय सोडून बसलो.
तेव्हा मी सांगितलं,
तुम्ही पुलावर होता त्या पुराच्या रात्री
गाद्या, गॅस, झोपलेलं पोर
मी एकटीनं माळ्यावर चढवलं होतं.
कधी बोलले नव्हते.
यांनीही, तासातासाला आकडा कळवणाऱ्यांनी,
कधी विचारलं नव्हतं.

बराच वेळ लाटाच.
मग म्हणाले, "घरात किती होतं?"

मी मांडीवर हात आडवा धरला.
ते वाकले,
चष्मा पुसला,
आणि नीट वाचलं.