अंक चौथा, प्रती साठ

डिचोलीत, बस स्टँडच्या मागे, माझं झेरॉक्सचं दुकान.
दोन मशिनं. एक चालतं,
दुसरं चालल्याचं नाटक करतं.
आधार, रेशन, एक-चौदाचे उतारे,
खाण बंद पडली तेव्हाचे नोकरीचे अर्ज,
गावाची सगळी गरज मी
दोन रुपये पान या दराने पाहिलेली आहे.

पण दर दुसऱ्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी
सायकली भिंतीवर ढकलून
ही पोरं आत घुसतात
आणि दुकानात उभं राहायला जागा उरत नाही.

अन्विता मांद्रेकर, संपादक, बारावी सायन्स,
फिजिक्सच्या वहीत मागून पुढे येणारी लेखकांची यादी.
ग्लेनिशा डायस मुखपृष्ठ काढते, पानं मोजते,
आणि मराठी शब्दाचा ऱ्हस्व-दीर्घ
सगळ्यात आधी तिलाच खटकतो.
अंकाचं नाव व्हाळ.
सर म्हणाले होते, शुद्ध शब्द ओहोळ.
मतदान झालं. सर हरले.
हरल्यावर कागदाचं रीम सरांनीच आणून दिलं.

आज भांडण सर्वज्ञ घाडीच्या कवितेवरून.
सुर्ल्याचा, अकरावी, ओठांवर नुकती मिसरूड.
बापाचा टिप्पर सात वर्षं अंगणात उभा,
त्याच्या टायरात कोंबडी अंडं घालते,
आई सकाळी हात घालून काढते, अजून ऊन असतं.
आणि मग शेवटची ओळ:
अशी ही आमच्या गावाची करुण कहाणी.

'अंड्यावर संपव,' अन्विता म्हणाली.
'कहाणी आम्हाला कळली.'
तो लाल झाला. बाहेर गेला.
समोरच्या गाड्यावर अख्खी लिंबू सोडा प्यायला.
मी मशीन बंद ठेवलं. गिऱ्हाईक खोळंबलं,
खोळंबू दे.
परत आला, म्हणाला, 'काढ.
पण पेन दे, मीच खोडतो.'

एक कविता नाव न छापण्याच्या अटीवर आहे.
अक्षर ओळखू येऊ नये म्हणून
अन्विताने रात्री बसून स्वतः टाइप केली.
या गावातला प्रत्येक कागद माझ्या हाताखालून जातो,
तरी ती कुणाची ते मला ठाऊक नाही.
विचारलं तर ग्लेनिशा म्हणाली,
'दादा, पानं मोजा.'

एक्क्याण्णव साली मी सतरा वर्षांचा होतो.
पणजीला गोष्ट पाठवली होती,
सोबत पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट.
माझ्याच अक्षरातलं पाकीट माझ्याच दारात आलं,
आत रबरी शिक्का: साभार परत.
कितीतरी वर्षं मला वाटायचं
ते आभार मी मानायचे असतात.

ही पोरगी नकाराचे कागद इथेच, काउंटरवर लिहिते,
म्हणून मला उलटे वाचता येतात.
'दुसऱ्या पानावरची मासळीवाली खरी आहे.
पहिल्या पानावरची निबंधातली.
दुसरीला घेऊन ये. पंधरा तारखेपर्यंत. वाट बघते.'
पेन्सिलने. खाली सही. सहीखाली फोन नंबर.
बत्तीस शब्दांचा नकार मी मोजलेला नाही,
पण दोन शब्दांचा मोजून बसलो आहे.

साठ प्रती. स्टेपलरने सतरावी चावली,
तिला ग्लेनिशाने सुईदोऱ्याने शिवलं.
पैसे सुट्टे आले, नाण्यांत,
पाच रुपये कमी, ते पुढच्या अंकात.
सायकली उचलल्या, बोंबलत गेली
आणि पंखा आहे हे मला पुन्हा ऐकू आलं.

बिघडलेली पानं मी फेकत नाही,
कोऱ्या बाजूवर किरकोळ कामं निघतात.
सोमवारी मयेची एक बाई आली,
उत्पन्नाच्या दाखल्याची प्रत हवी होती.
ट्रेमध्ये वरचंच पान गेलं.
आता तो कागद मामलेदार कचेरीत आहे,
पुढे शिक्का, आकडे, वार्षिक उत्पन्न,
मागे टायर, कोंबडी,
आणि आईच्या हातातलं ऊन अंडं.
कुणीतरी पान उलटेल.
विचारलंच, तर सांगेन,
चुकून गेलं.