नुकसान: डाव्या खांद्यावर डाग

आर्हुसच्या बाहेर, गोदामाच्या तळघरात
बारा अंशांवर रोखून धरलेली हवा.
तुकुम्मेकला मी हातमोज्यांचे दोन जोड दिले,
एकावर एक घाला म्हटलं.
"मी घाण करीन म्हणून?"
"नाही. अंगरखा तुम्हाला बाधेल म्हणून."
आमच्याच जुन्या माणसांनी, कसर लागू नये म्हणून,
सोमल चोळलाय त्याला आतून बाहेरून.
ती हसली नाही.

खण ओढला.
सीलच्या कातड्याचा, नोंद सातशे एकवीस.
बाईचा. ग्रीनलंड, पूर्व किनारा.
बेतणी सदोष, पाठीत ढगळ.
करणारी अज्ञात.

तिनं वाचलं, मग पाठीतल्या त्या ढगळपणात
दोन्ही मुठी घातल्या
आणि जरा वर उचलल्या, वजन जोखावं तशा.
"इथं मूल बसतं."
एवढंच.
अठ्ठ्याण्णव वर्षं आम्ही तिथं
कागदाचे बोळे कोंबत होतो,
आकार टिकावा म्हणून.

मग शिवणीवर बोट. टाके उलटे कललेले.
"डावखुरी होती. माझी मावशी अशीच घालते टाके,
शाळेत डाव्या हातावर छड्या खायची,
घरी येऊन पुन्हा डाव्यानंच."
ही आमच्यातलीच, असं काही ती म्हणाली नाही.
मीच वाट बघत होते, म्हणेल म्हणून.

खांद्यावरचा डाग मात्र बराच वेळ पाहिला.
आमच्याकडे तो नुकसान या सदरात,
पुढच्या महिन्यात काढायला घेणार होतो.
तिनं मान वळवली, पाठीवरच्या कुणाशी बोलावं तशी,
हनुवटी बरोब्बर त्याच जागी आली.
"लाळ," म्हणाली. "दात येत असणार."

जाताना जुन्या वर्तमानपत्रावर मापं उतरवून नेली.
लेकीला मार्चमध्ये बाळ होईल,
बेतणी अगदी अशीच हवी,
सदोष.

संध्याकाळी संगणकापुढे एकटी.
'करणारी' या रकान्यात नाव लागतं,
नाहीतर अज्ञात. तिसरं काही चालत नाही त्याला.
डावखुरी लिहिलं. लाल झालं.
पुन्हा लिहिलं, पुन्हा लाल.
साफसफाईची तारीख तेवढी खोडता आली.

मग खाली जाऊन बोळे काढले, एकेक.
पाठ खाली बसली, हळूहळू,
कुणीतरी उतरून गेल्यासारखी.
टेबलावर आता बोळ्यांचा ढीग.
फेकायचे, की त्यांनाही नोंद क्रमांक द्यायचा,
अजून ठरलेलं नाही.