भरती-सुकती

चोडणच्या फेरीबोटीत सकाळी सव्वाआठला
मी स्कूटरच्या आरशात स्वतःला पाहून घेते.
आरसा दुसऱ्याचा, स्कूटरही.
रायबंदर येईपर्यंत तेवढीच सवड.
कपाळावर तळणीतून आत्ताच काढल्यासारखं तेल,
नाकाच्या दोन्ही अंगांना तेच,
आणि गालांवर, हसले की,
तांदळाच्या पिठासारखे पापुद्रे.

अठ्ठेचाळीस पूर्ण.
पाळी येते तेव्हा येते, सांगून येत नाही.
रात्री तीनला मानेतून वाफ निघते,
मी पंखा पाचावर नेते,
नवरा झोपेतच तो एकावर आणतो.
बावीस वर्षं लेखा खात्यात दुसऱ्यांची बिलं तपासली,
पण या तोंडाचा ताळेबंद लागेना.
जमा सगळी कपाळावर, खर्च गालांवर,
हनुवटीवर एक मुरूम,
सोळाव्या वर्षाची थकबाकी.

मस्कतच्या नणंदेनं एक बाटली दिली,
ड्रॉपरची, करंगळीएवढी.
किंमत तिनं खोडली होती,
मी उजेडात धरून वाचली. सवय.
तेवढ्यात न्हाणीघराची कौलं बदलून झाली असती.
नऊ दिवस लावली.
दहाव्या दिवशी गाल असे पेटले
की कुणी कच्चं सुरण चोळलं असावं.

मग पणजीच्या मार्केटमागच्या फार्मसीत
फ्लॅवीनं काउंटरवर कोपरं टेकून
माझं तोंड नीट पाहिलं.
"अगे बाये, तोंड धुतेस की भांडी?"
दिवसातून पाचदा, मी म्हटलं,
कपड्यांनाही चालतो त्या साबणानं.
ती हसली नाही. खालच्या फळीवरून काढत गेली:
फेस न होणारं फेसवॉश, एकशे तीस.
सिरॅमाइडची ट्यूब, दोनशे दहा, अडीच महिने जाईल.
सनस्क्रीन यातलं सगळ्यांत स्वस्त घे,
पण घे म्हणजे रोज लाव, हळदीकुंकवापुरतं नको.
"आणि बाये, कपाळाला कमी, गालांना जास्त.
सगळं तोंड एकच समजू नकोस."

परतीच्या फेरीत ते वाक्य माझ्याशेजारी उभं होतं,
दांडा धरून.

खाजनाच्या बांधावर रुजार मानशीपाशी वाकला होता.
आमच्याकडे मानस म्हणजे मन नव्हे,
बांधातलं लाकडी दार.
भरतीला पाणीच ते लोटून लावतं,
ओहोटीला, आम्ही सुकती म्हणतो, पाणीच उघडतं.
एकीकडे मांडवीचं खारं, दुसरीकडे भात,
मध्ये हाताच्या चार बोटांएवढी फळी.
लहानपणी मी रुजारच्या बापाला विचारलेलं,
खारं पाणी कायमचंच का नाही अडवत?
तो म्हणालेला, आणि मासळी काय तुझा बापूस देईल?

तर आता रात्री असं:
गार पाण्यानं एकदा, चोळायचं नाही,
गालांवर ओलसर असतानाच ट्यूब, दोनदा,
कपाळाला बोटाला उरलेलं.
आईच्या डबीतलं भिरंडांचं मुठेल
टाचांना आणि ओठांना. त्याच्यावर ते चढत नाही.
महिन्याला सारे मिळून अडीचशे,
वाण्याच्या वहीत लिहिलेत, सुक्या बांगड्यांच्या खाली.

दोन महिने झाले. पापुद्रे गेले,
मुरूम आहे तिथेच आहे,
तीनची वाफही आहे.
मी पंखा तिनावर ठेवते, तो तसाच राहू देतो.

आज फेरीत स्कूटरवाल्यानं,
ज्याचं नावही मला माहीत नाही,
नदीकडे बघत बघत
आरसा जरा माझ्या बाजूला वळवून ठेवला.
मी आधी दात पाहिले, भाजी अडकलीय का ते.
मग बाकीचं.