एच नंबरची गाडी

इथं टॅक्सीवर टॅक्सी असं लिहिलेलं नसतं.
नंबर एच-ने सुरू होतो, एवढीच खूण;
ती वाचेस्तोवर गाडी गेलेली.

पोर्ट ऑफ स्पेनमधला दुसरा दिवस.
मी अख्खा हात हलवत होतो, बुडणाऱ्यासारखा.
शेजारी एक शाळकरी मुलगी आली,
बोट जरासं डावीकडे वाकवलं,
कुंपणावरचं मांजर दाखवावं तसं,
आणि गाडी थांबली.

आत तिघं. मी मुकाट बसलो, दार ओढलं.
गाडी हलेना.
आरशात ड्रायव्हरचे डोळे.
मांडीवर विलायती फणसाची पिशवी घेतलेल्या बाईंनी
सावकाश मान वळवली: "गुड मॉर्निंग."
थकलेली उधारी मागावी तसं.
मी पुटपुटलो. तिघांनी मोजून परत केलं.
मग गिअर पडला.

माझा फाटा मागेच सुटला होता.
सव्हानाभोवती रस्ता एकाच दिशेनं फिरतो,
माघारी वळणं नाही.
"मिस अर्लीन, ह्याला सांगा जरा," ड्रायव्हर म्हणाला.
बाई उतरता उतरता म्हणाल्या,
"पिवळी फार्मसी होती ना, जळाली ती,
तिथून डावीकडे."

नकाशात नसलेली,
शहरातही नसलेली ती फार्मसी
मी तीन जणांना विचारली.
तिघांनाही ठाऊक होती.

कचेरीच्या दारात घामानं निथळत
मी आधी, मोठ्यानं, "गुड मॉर्निंग!"
पहारेकऱ्यानं घड्याळाकडे पाहिलं.
"आफ्टरनून," तो म्हणाला,
आणि फाटक उघडलं.