नावाड्याचं चौथं वाक्य

साकीनाक्याला, चौथ्या मजल्यावर, मी एक नदी लिहिते.
तिच्यावर एक नावाडी. त्याला तीन वाक्यं:
पैसे दिले तर एक, फसवलं तर एक,
आणि सुरा खुपसला तर, पाण्यात पडता पडता, एक.
तिसऱ्यावर मी आठवडाभर बसले होते.

चांगुलपणाचा काटा पडद्याच्या कोपऱ्यात हलतो.
नावाड्याला मारलं की सात घरं डावीकडे.
पुढच्या गावात भिकाऱ्याला भाकर दिली
की पाच परत उजवीकडे.
हे गणित माझं नाही.

जोएल कुटिन्हो खेळ तपासतो.
त्यानं नावाड्याला बेचाळीस वेळा मारलंय,
सुऱ्यानं, बाणानं, एकदा नुसता मंत्र पुटपुटून,
मधे खाकरा खात. त्याचं कामच ते.

काल रात्री तो होडीत बसून राहिला.
बटणाला हात नाही. पाणी हलत होतं,
काटा हलत नव्हता.
"अडकलंय का?"
"नाही गं. पलीकडे पोचलो, उतरलो नाही.
तो माझ्याकडे बघतोय, आणि
तू त्याला काही बोलायलाच दिलं नाहीस."

खरंच नव्हतं दिलं.
न मारणारा, न देणारा, नुसता बसणारा माणूस
माझ्या तक्त्यात नव्हता.

वेसाव्याहून मढला जाताना एकदा
पोशा नाखव्यानं मला असंच बसू दिलं होतं,
तीन फेऱ्या, एकाच तिकिटावर.
का रडतेस, विचारलं नव्हतं.

पहाटे मी चौथं वाक्य लिहिलं:
"बसा. परतीचं भाडं घेत नाही मी."
काट्याला त्यातलं काही कळत नाही.
जोएल म्हणतो, बग म्हणून नोंदवू का?