तळमजल्यावरून

पहाटे माझ्या सिंकमध्ये
दुसऱ्या कुणाचा तरी चहा होता.
मी चहा पीत नाही.
पत्ती तरंगत होती, राजम्याची दोन सालं,
आणि पाणी हळूहळू वर येत होतं, खालून,
विहिरीला यावं तसं.
सातला कुणीतरी वर नळ सोडला
आणि ते माझ्या फरशीवर उतरलं.

कुतायसीतली आमची इमारत पाच मजली,
लिफ्ट नाही, जिन्यात मांजरं.
पाच स्वयंपाकघरांचं उष्टं पाणी
एकाच बिडाच्या पाइपातून
माझ्या भिंतीतून जातं.
बत्तीस वर्षं ऐकतेय.
पाचव्यावरचा ओमारी रात्री दोनला भांडी घासतो,
हे त्याच्या बायकोलाही ठाऊक नसेल.

मी जिन्यात उभी राहून ओरडले.
पोस्टात होते, आवाज पाचव्यापर्यंत पोचतो.
दारं उघडली, माना बाहेर आल्या.
कुणीच काही टाकलं नव्हतं.
कुणी कधीच काही टाकत नाही.
मी म्हणाले, कुठेतरी पाणी मुरतंय,
आणि त्सियालाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

जुम्बेर दुपारी आला.
पिशवी उघडायच्या आधी त्याचे प्रश्न.
न्हाणीचं पाणी जातंय?
जातंय.
संडासाचं?
तेही.
वरच्यांची सिंकं?
त्यांचं जातंय की. माझ्याकडे.
तो हसला नाही.
बद्रीच्या पोराला त्याने गच्चीवर पिटाळलं,
हवेच्या नळीत कबुतरांनी संसार मांडलाय का बघायला.
नव्हता मांडला.
म्हणजे रस्त्यावरचं गटार मोकळं,
वरचे मजले मोकळे,
जे काय आहे ते माझ्या सिंकच्या खाली,
दोन पाइप एकत्र येतात त्याच्या अलीकडे.
तळघरात जाऊन
पान्याने तो पाइप ठोकत गेला, कान लावून.
रिकामा पाइप वाजतो.
भरलेला नुसता ठप् म्हणतो.

गुडघ्यापाशी ठप्.

मी टॉर्च धरला होता.
त्सियालाच्या नवऱ्याची सायकल भिंतीला तशीच,
दोन्ही चाकं बसलेली.
झाकण फिरलं, बादली भरली,
आधी काळं, मग मेणचट,
मग तपकिरी, थुलथुलीत, चामड्यासारखं काहीतरी.
तातारा, जुम्बेर म्हणाला,
डॉक्टर दुखण्याचं नाव घेतो तसा.
द्राक्षाचा रस, पीठ घालून आटवलेला.
ऑक्टोबरात पाचही घरं करतात,
दोऱ्यात ओवलेल्या अक्रोडांवर चढवतात, वाळवतात,
चुर्चखेला म्हणून नाताळपर्यंत खातात.
गरम असतो तोवर पाण्यासारखा जातो.
गार झाला की बसला.

मग तारेच्या टोकाला एक दोरा आला.
दोऱ्यात अक्रोड. सात मोजले.
दोरा निळा.

पोस्टाच्या गणवेशाची बटणं
मी निळ्या दोऱ्याने लावायचे.
रीळ अजून ड्रॉवरमध्ये आहे.
एका माळेची गाठ सुटून ती पातेल्यात बुडाली होती,
रात्र झाली होती, डोळे मिटत होते,
आणि सिंकची जाळी तर
एप्रिलपासूनच मोडलेली.

टॉर्च हलला असणार.
जुम्बेरने दोऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे नाही,
बोटाभोवती गुंडाळला आणि खिशात घातला.
वर जिन्यात सगळे थांबले होते.
पाइप म्हातारा झालाय, तो म्हणाला,
गुडघ्यात गंज.
तेही खोटं नव्हतं.
घरटी बारा लारी निघाले.
मी वीस दिले. कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी चौथ्यावरची एतेरी आली,
हातात झाकलेली ताटली.
मीच असेन, म्हणाली,
उरलेला ओतला होता मी, गरम होता, वाटलं जाईल.
मग बद्रीची बायको, तिसऱ्यावरून.
मग त्सियाला, काही न बोलता,
नुसती ताटली दारात ठेवून.
असू दे, असू दे, मी म्हणत राहिले.
एवढंच म्हणाले.

रात्री दोनला ओमारीचा नळ सुटला.
भिंतीतून पाणी उतरलं, गुडघ्यावरून गेलं,
कुठे अडलं नाही.
मी ओट्याशी उभी राहून खात होते.
चुर्चखेला खायच्या आधी दोरा ओढून काढावा लागतो.
एकेक काढला, दिव्याखाली धरून पाहिला.
पांढरे. सगळे पांढरे.
केराच्या डब्यात टाकले,
वर कागद दाबला.